बोटाला लागलेला गूळ

गेल्या आठवड्यात गडियाहाटच्या बाजारात नवा गूळ आला. खजुराच्या रसाचा, मातीच्या बोळक्यातला, तोंडावर सुती फडकं बांधलेला. इथे त्याला नोलेन गुड म्हणतात आणि त्याच्या वासानं अख्खं कोलकाता हळवं होतं. एस्प्लनेडला आमच्या बँकेत वर्षभर एकमेकांच्या फायली अडवून ठेवणारे दोन साहेब या दिवसांत एकाच खोक्यातून संदेश खातात. बसमध्ये मंकी टोपीतले काका मांडीवरचं बोळकं तान्ह्या मुलासारखं सावरून बसलेले दिसतात. मीही पूर्वी यांच्यातलाच. मला मधुमेह आहे. पण तो वास आला की पाय आपोआप दुकानाकडे वळायचे. मधुमेह नसता तर कदाचित इतके वळले नसते.

आता तसं होत नाही. आता तो वास आला की मी आधी उजव्या हाताची बोटं बघतो आणि मग हात खिशात घालतो.

"अहो, खिसा कापल्यासारखे काय चालता?" वैशाली म्हणते. मग तिलाही आठवतं आणि ती वांग्यांच्या ढिगाकडे वळते.

तीन वर्षांसाठी म्हणून बदली होऊन आम्ही इथे आलो आणि राहूनच गेलो. मुलगी मुग्धा इथेच वाढली. तिचं मराठी असं की मी ऑफिसातून दमून आलो की ती मायेनं विचारते, "बाबा, पाणी खाल्लंस?" आसपासची आठ-दहा मराठी घरं मिळून आमचा एक ग्रुप आहे. कुणी बँकेतलं, कुणी विम्यातलं, अलीकडे सॉल्ट लेकमधली आयटीवाली दोन-तीन तरुण जोडपी. गणपती, कोजागरी आणि संक्रांत, या तीन प्रसंगी आम्ही मराठी असतो. बाकीचं वर्ष मासळीच्या भावाबद्दल बोलण्यात जातं.

संक्रांतीला आमचा खरा प्रश्न गुळाचा. चिक्कीचा गूळ इथे मिळत नाही. पुण्याहून येणारे पाहुणे तो आणायला विसरतात आणि वर विचारतात, "इथे मिळत नाही होय?" म्हणून वैशाली खजुराच्या गुळाचेच तिळाचे लाडू करते. हा गूळ चवीला राजा, पण स्वभावानं मऊ. कितीही आटवा, पाक म्हणावा तसा धरत नाही. लाडू वळताना लाडू असतात, तासाभरात बसके होतात, आणि हातात घेतले की बोटं सोडत नाहीत. मी त्यांना बंगाल-महाराष्ट्र मैत्रीचे लाडू म्हणायचो. मैत्री अशीच चिकट हवी, असं मी एकदा हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन बोललो होतो. टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्याही आता आठवल्या की नको वाटतं.

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ग्रुपची सहल सुंदरबनातल्या एका बेटावर जायची ठरली. बेट सुचवलं ते आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या, मला दादाबाबू आणि वैशालीला बौदी म्हणणाऱ्या कल्पनादीनं. तिचं माहेर तिथलं. नुसतंच जाऊन जेवून येण्यापेक्षा समाजासाठी काही करावं, असा विचार कुणाच्या तरी डोक्यात आला. मग सहलीत आरोग्य शिबिर बसवायचं की शिबिरात सहल, यावर दोन बैठका झाल्या. दोन्ही बैठकांत मी बोललो. बराकपूरला राहणारे डॉक्टर साने, सैन्यातून निवृत्त झालेले, चहा संपेपर्यंत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "येतो मी. पण लोकांना तपासायचं असेल तर तपासू. फोटो तुम्ही काढा."

साखर मोजायचं टेबल माझ्याकडे आलं. मधुमेहाचं मी जुनं गिऱ्हाईक. सुई कशी टोचायची, पट्टी कशी लावायची, हे मला झोपेतही येतं. आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर आधी तिळगूळ ठेवायचा, ही कल्पनाही माझीच. "आधी गोड, मग सुई," असं मी म्हणालो होतो. ते वाक्य फलकावर छापलं गेलं, मराठीत आणि बंगालीत.

ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. लाँचच्या दोन्ही बाजूंना धुकं, मध्येच एखादी मासेमारीची नाव कोऱ्या कागदावर काढल्यासारखी दिसायची आणि पुसली जायची. ओहोटीनं उघडा पडलेला चिखल इतका गुळगुळीत की कुणीतरी रात्री लिंपून ठेवलाय असं वाटावं. बेटाला चारी बाजूंनी मातीचा बांध. बांधाच्या बाहेर नदीचं खारं पाणी, आत भाताची कापलेली शेतं, आणि दोहोंच्या मध्ये माणसं राहतात. पाणीच पाणी दिसतं, पण प्यायचं पाणी दूरच्या हापशावरून कळशीनं आणायचं. म्हणून हात धुवायला आम्ही पाणी मागितलं नाही. त्यात आम्हाला आमचा समजूतदारपणा वाटला. प्रत्येकाच्या बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं.

बेटावर सरकारी आरोग्य केंद्राची एक खोली आहे. नर्सदीदी ठरलेल्या दिवशी नावेतून येतात, लसी टोचतात, वजनं करतात, आणि पाणी उतरायच्या आत परत जातात. डॉक्टर नद्यांच्या पलीकडे. हे सगळं कल्पनादीनं मला आधी सांगितलं होतं, पोळ्या लाटता लाटता. तिच्या आईच्या वेळी कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन घाटावर बसून राहायचे, पाणी चढेपर्यंत. "पाणी चढायचं. बाई कधी कधी नसायची," ती म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. हूं म्हणालो असेन.

शाळेच्या अंगणात रांग लागली. दारात वैशाली आणि इतर बायका हळदकुंकू लावत होत्या, हातावर लाडू ठेवत होत्या. म्हाताऱ्या तो लाडू उलटसुलट करून बघायच्या, "हा तर आमचाच तिळाचा नाडू, जरा लठ्ठ आहे," असं म्हणून हसायच्या. अंगणभर गुळाचा, स्पिरिटचा आणि उन्हात तापलेल्या शालींचा वास होता. मी इतका खुशीत होतो की दर सुईला एक विनोद करत होतो, माझ्या बंगालीत. हसत मात्र होते ते बंगालीला.

कल्पनादीची भावजय शेफाली त्या रांगेत होती. वय विशीच्या आसपास, सातवा महिना, अंगावर मोठ्या माणसाचा स्वेटर. तो तिच्या नवऱ्याचा होता. नवरा केरळात बांधकामावर. तिला सासूनं आणलं होतं पाय सुजतात म्हणून. तिनं लाडू खाल्ला नव्हता, उजव्या मुठीत तसाच धरला होता.

"खा की," मी म्हणालो.

"घरी नेते. सगळे मिळून खाऊ," ती म्हणाली. मग लाडू डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताचं बोट माझ्यापुढे केलं.

मी बोळा फिरवला, सुई टोचली, पट्टी लावली. आकडा आला तीनशेच्या पुष्कळ वर. मी डॉक्टर सान्यांकडे बघितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तिचे पाय दाबून बघितले आणि सासूला म्हणाले, "या यंत्राचं पक्कं धरू नका. हिला कॅनिंगच्या इस्पितळात नेऊन नीट रक्त तपासा. तोवर गोड बंद, भात बेतानं." सासूनं यातलं काय ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं शेफालीच्या डाव्या हातातला लाडू काढून घेतला आणि पदराला बांधला.

त्या दिवशी निम्म्या बेटाला साखर निघाली. "विचित्र आहे," साने दोनदा म्हणाले. "एवढी मेहनत करणारी माणसं. पुन्हा बघायला पाहिजे." पण लाँचवाल्यानं भोंगा वाजवायला सुरुवात केली होती. पाणी उतरत होतं, आणि लाँचवर मटण शिजून तयार होतं. परतताना भेंड्या झाल्या. ग्रुपवर मी लिहिलं, आज खऱ्या अर्थानं संक्रांत साजरी झाली. त्याखाली पुष्कळ अंगठे आले.

त्यानंतरच्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात काहीतरी बदललं होतं, पण मला ते कळलं नाही. बेटावर पौष संक्रांतीला घरोघरी पिठे नावाचे गोड पदार्थ करतात. तांदळाच्या पिठाचे, नारळ-गुळाचं सारण भरलेले, दुधात सोडलेले. कल्पनादी दर वर्षी माहेराहून आमच्यासाठी डबा भरून आणायची. त्या वर्षी आणला नाही. वैशालीनं सहज विचारलं तेव्हा म्हणाली, "आईनं केलेच नाहीत, बौदी. घरात सुनेला चालत नाहीत, मग कुणाच्या घशाखाली उतरणार? ती भातसुद्धा खात नाही. मुरमुरे आणि उकडलेली भाजी."

"भात बेतानं म्हणाले होते डॉक्टर," वैशाली म्हणाली.

"बेतानं म्हणजे किती, ते आईला कोण सांगणार? तिनं बंदच केला. चुकायला नको म्हणून."

मी तेव्हा टेबलापाशी बसून उरलेले लाडू एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरत होतो. डब्याचं झाकण लावलं आणि रोजच्याप्रमाणे साखर मोजायला बसलो. यंत्रानं आकडा दाखवला: चारशे बारा.

मी स्टुलावरून उठून खुर्चीवर बसलो. पडायचंच तर पाठ टेकलेली बरी. "वैशाली," मी म्हणालो, "विम्याचे कागद कपाटात वरच्या खणात आहेत."

ती आली, आकडा बघितला, माझ्या हाताकडे बघितलं. "हात धुवा आधी."

"माझं इथे काय झालंय आणि तुला—"

"धुवा म्हणते ना. गूळ लागलाय बोटांना."

साबणानं धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. एकशे एकावन्न. माझ्यासारख्याला अगदी सभ्य आकडा. वैशाली हसायला लागली, मीही. विम्याच्या कागदांचं पुढे वर्षभर ऐकावं लागणार हे दिसत होतं. तेव्हा ओट्यापाशी उभी असलेली कल्पनादी म्हणाली, "मग शेफालीची?"

कुकरची शिट्टी होऊन गेली. कुणी गॅस बारीक केला नाही.

मी डॉक्टर सान्यांना फोन केला. ते म्हणाले, "स्पिरिटनं जंतू मरतात हो. गूळ मरत नाही. मला तिथेच कळायला हवं होतं." त्यांच्या आवाजात जे होतं ते माझ्यात उतरायला थोडे दिवस लागले.

स्वयंपाकघरातल्या त्या सकाळचा विचार मी आजही करतो तो असा. माझ्याबद्दल यंत्र खोटं बोललं, आणि त्याचा खोटेपणा उघडा पडायला मला स्वयंपाकघरातून बेसिनपर्यंत जावं लागलं. माझ्याकडे दुसरी पट्टी होती, नळाला पाणी होतं, शंका घेणारी बायको होती, कोपऱ्यावर पॅथॉलॉजी होती, आणि तेवढ्यानंही समाधान झालं नसतं तर दुसऱ्या कोपऱ्यावर दुसरी होती. आजारपणाची आम्हाला इतकी सवय असते की एका डॉक्टरचं ऐकून गप्प बसणं आमच्यात भोळेपणाचं लक्षण मानतात. शेफालीला तीच शंका घ्यायची तर सुजलेल्या पायांनी दोन नद्या, रिक्षा, लोकल, आणि सोबतीला एक माणूस. घरचा माणूस केरळात. बेटावर आमच्या यंत्राच्या आकड्यापुढे दुसरा आकडाच नव्हता, म्हणून तो खरा. आम्ही एका दिवसाचे पाहुणे म्हणून गेलो आणि न्यायाधीशासारखे बोलून आलो.

यानंतर ताबडतोब निघालो, असं लिहायला मला आवडलं असतं. आधी कल्पनादीनं फोन केला. आई म्हणाली, "तुझ्या दादाबाबूनं बोट धरून सांगितलं, डॉक्टरनं तोंडानं सांगितलं. आता फोनवर तू सांगतेस की चूक झाली. मी कुणाचं धरू?" मग नर्सदीदींपर्यंत निरोप गेला, त्यांच्याकडच्या पट्ट्या संपल्या होत्या, पुढच्या फेरीत बघते म्हणाल्या. ग्रुपवर मी सगळं लिहिलं. जोडलेल्या हातांची बरीच चित्रं आली. सहलीला लाँच भरून माणसं होती. या वेळी कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाकडे पाहुणे. मलाही पुण्याला भाच्याचा साखरपुडा होता. मी गेलो. तिथे पंगतीत कुणीतरी आग्रहानं भात वाढला, तो मी पानात तसाच टाकला, आणि त्यानं कुणाचंही काही भलं झालं नाही.

कल्पनादी या काळात रोज वेळेवर यायची. फक्त मला चहा देताना कप हातात द्यायची ती टेबलावर ठेवायला लागली.

शेवटी निघालो ते चौघंच: साने, वैशाली, कल्पनादी आणि मी. सहलीला हॉटेलसारखं लाँच होतं. आता कॅनिंग लोकल, मग रिक्षा, मग भटभट करणारी उघडी होडी. होडीत कोंबड्या, गॅसचं सिलिंडर, पाठीवर दप्तर टाकलेली मास्तरीण, आणि एक म्हातारा ज्याच्या डोळ्याला पट्टी होती. शस्त्रक्रिया करून परत निघाला होता. डोळ्यावर पाण्याचा तुषार उडू नये म्हणून त्याची मुलगी छत्री आडवी धरून बसली होती, सबंध नदीभर. या नदीतून मी मागच्या वेळी भेंड्या खेळत परतलो होतो.

शेफाली अंगणात उन्हाला बसली होती. स्वेटर तोच, पण आत माणूस कमी झालेला. गालांची हाडं वर आली होती. तिनं आम्हाला बघून डोक्यावर पदर घेतला आणि उठायला लागली, तर सासू आतून म्हणाली, "बस. यांच्यासाठी उठायचं नाही."

कल्पनादीनं आईला सगळं पुन्हा सांगितलं. मी मध्ये मध्ये मान डोलावत होतो. मासीमांनी, म्हणजे तिच्या आईनं, शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गुळानं साखर वाढते, हे मला माहीत आहे. पण न खाता, नुसता हाताला लागून?"

"हो," मी म्हणालो.

"मग दाखवा. तुमच्या हातावर."

एव्हाना कुंपणाला बरीच माणसं येऊन टेकली होती. मागच्या वेळच्या रांगेतलीच. त्यांनाही साखर निघाली होती. मासीमांनी चुलीजवळच्या बोळक्यात बोट घालून गूळ आणला आणि माझ्या बोटाला स्वतः चोळला, मलम लावतात तसा. सान्यांनी वर स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली. यंत्रावर आकडाच आला नाही. मोजण्यापलीकडे आहे अशी खूण आली. कुंपणापाशी एकदम कुजबुज झाली. मग एक पोरगी कळशी घेऊन आली, हापशाचं गोडं पाणी माझ्या हातावर ओतलं, मासीमांनी साबण दिला. मी बोट धुतलं, पुसलं, पुन्हा टोचून घेतलं. एकशे ऐंशीच्या आसपास.

"म्हणजे साखर यांनाच आहे," कुंपणावरून कुणीतरी म्हणालं.

आधी एक बाई हसली, मग सगळं अंगण हसलं. मीही हसलो. त्या हसण्यात मला थोडं सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. पण शेफाली हसली नव्हती. ती माझ्या बोटाकडे बघत होती. मग तिनं सासूला विचारलं, अगदी हळू, "मग मी भात खाऊ?"

साने म्हणाले, "खा. पोटभर खा. मग दोन तासांनी पुन्हा बघू, म्हणजे पक्कं कळेल." होडीवाला म्हणाला, दोन तास थांबलात तर पाणी जाईल, मग संध्याकाळी. साने म्हणाले, "संध्याकाळी तर संध्याकाळी."

मासीमांनी आम्हाला अंगणाबाहेर काढलं. "तुम्ही बांधावर बसा. तुमच्यादेखत ती कशी जेवेल?" आम्ही बांधावर बसलो. आतून भांड्यांचे आवाज आले, मासीमांचं "घे आणखी" ऐकू आलं, मग काहीच नाही. समोर नदी हळूहळू रिकामी होत गेली. वैशाली एकदाच म्हणाली, "लाडू मी केले होते." मी म्हणालो, "दारात उभं राहून वाटायचं मी सुचवलं." सान्यांनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, "वाटून घेऊ नका. सगळ्यांना पुरेल एवढं आहे."

दोन तासांनी शेफालीनं हात धुवून, पदराला पुसून, बोट पुढे केलं. एकशे आठ. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मासीमांनी आकडा सान्यांच्या तोंडून दोनदा वदवून घेतला.

इथे हे संपायला हवं होतं. पण सान्यांनी तिला आत खाटेवर झोपवून पोट मोजलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाळ महिन्यांच्या मानानं लहान वाटतंय. सोनोग्राफी लागेल. आजच आमच्याबरोबर न्यायला हवं, थांबण्यात अर्थ नाही."

मासीमा हसल्या. त्या दिवसातलं हे हसणं मला सगळ्यांत जास्त लागलं. "मागच्या वेळी साखर होती," त्या म्हणाल्या. "आता बाळ लहान आहे. पुढच्या वेळी येऊन सांगाल, तेही नव्हतं."

या वेळी साने खरं बोलत होते. ते खरं आहे हे पटवून द्यायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं, कारण जे होतं ते आम्ही मागच्या वेळी खर्च करून बसलो होतो. मी सान्यांना बाजूला घेतलं आणि मराठीत विचारलं, "आपल्यामुळे? न खाल्ल्यामुळे?"

"सांगता येत नाही. आधीपासूनही असेल. पाय सुजत होतेच, कदाचित रक्तदाबाचं काही असेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला जे उत्तर हवंय ते माझ्याकडे नाही. कुठलंच."

कल्पनादी आईशी बोलत होती, आधी समजावत, मग भांडत. मासीमा एकच सांगत होत्या: पोरगा घरी नाही, त्याला मी काय तोंड दाखवू. वैशालीनं मध्ये काही बोलायचा प्रयत्न केला. तिला बंगाली शब्द सापडेनात आणि मराठी कुणाला कळलं नसतं. तेवढ्यात शेफाली दारात आली. हातात कापडी पिशवी होती.

"बाळ दोन दिवस कमी हलतंय," ती म्हणाली.

मासीमा वळल्या. "मला नाही सांगितलंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं, मा? कुणाला विचारलं असतं?" मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "हे म्हणतात म्हणून जात नाही. मला कळतंय म्हणून जाते."

पुढचं सांगून टाकतो. तिला त्याच दिवशी सरकारी इस्पितळात दाखल करून घेतलं. रक्तदाब चढलेला होता. पुढचे दिवस ती तिथेच जवळ राहिली, आणि मुलगी झाली ती वेळेच्या आधी, एवढीशी, पण रडत. आता ती अंगणभर पळते आणि मुरमुऱ्यांना हात लावत नाही, असं कल्पनादी सांगते. इस्पितळाजवळ आमच्या ग्रुपनं एक खोली घेतली आहे. बेटावरच्या बायकांनी शेवटच्या महिन्यात तिथे येऊन राहावं, नदीच्या भरतीच्या भरवशावर बसू नये, म्हणून. यंत्र आणि पट्ट्या आता नर्सदीदींकडे असतात. त्या मोजतात आणि आधी हात धुवायला लावतात. आम्ही वर्षातून काही वेळा जातो, त्यांनी बोलावलं तर, फलक न घेता. खोलीला ग्रुपचं नाव द्यावं असा ठराव आला होता, त्याला मी विरोध केला. माझं एकूण योगदान एवढंच. यंदाही ग्रुपवर विचारणा झाली आहे, संक्रांतीचं काय करायचं? मी अजून उत्तर दिलेलं नाही.

पण मला आठवते ती खोली नाही, मुलगीही नाही. मला आठवते ती संध्याकाळची होडी. पाणी चढून घाटाच्या पायऱ्यांना लागलं होतं. शेफाली होडीच्या मधोमध बसली, पिशवी मांडीवर, तोंड नदीकडे. कल्पनादीनं तिच्या पाठीला उशी लावली. साने चढले, वैशाली चढली, मी चढलो आणि शेफालीच्या समोरच्या फळीवर बसलो. वाटेत काही लागलं तर जवळ असावं, असं माझ्या मनात होतं. होडीवाला दोर सोडणार एवढ्यात बांधावरून मासीमा आल्या. पायात चपला नव्हत्या, काखेत गाठोडं आणि भाताचा डबा. कुणाचाही हात न धरता त्या आत उतरल्या, सुनेच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, आणि होडीच्या दूरच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"दादाबाबू, तुम्ही तिकडे बसा," त्या म्हणाल्या. "इथे बसलात की नाव कलते."

मी उठलो आणि तिकडे जाऊन बसलो.